न धुतलेलं पातळ

कमलाबाई रामटेके यांच्या हातून एखादं फडकं न धुता सुटलं, असं नागपूरच्या इंदोऱ्यात कुणाच्या आठवणीत नाही. महापालिकेच्या शाळेत त्या हेडमिस्ट्रेस होत्या तेव्हा पोरं फाटकातून आत येताना आधी स्वतःची नखं तपासायची. निवृत्त झाल्यावर नखं बघायला पोरं उरली नाहीत, मग सगळा जोर कपड्यांवर आला. पाहुणा बॅग ठेवून पाणी पितो न पितो तोच त्याचे कपडे बादलीत पडत. ‘बाई, हा शर्ट धुतलेलाच आहे हो,’ असं म्हणणाऱ्याची धडगत नसे. ‘तुम्ही धुतलाय, मी नाही धुतला,’ हे त्यांचं उत्तर ठरलेलं.

यात निव्वळ हेका नव्हता. त्यांची आई तरुणपणी नागपुरातल्या बायांच्या सभेत बाबासाहेबांचं बोलणं ऐकून आली होती आणि त्या दिवसापासून घरात भाकर कमी पडली तरी पातळ स्वच्छ असायचं. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांच्या घरात धुणं ही हौस नव्हती, मान वर करून चालायची ती सोय होती. कमलाबाईंच्या बादलीला हसण्याआधी एवढं ध्यानात ठेवावं. मग खुशाल हसावं, कारण पुढचा सगळा घोळ त्या बादलीनंच केला.

साल दोन हजार चार. कमलाबाईंची लेक प्रियदर्शिनी आणि जावई प्रीतम मेश्राम सिंगापूरला चोआ चू कांगमध्ये अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होते. ती पाण्याच्या शुद्धीकरणावर संशोधन करायची, तो चांगी बिझनेस पार्कमध्ये आयटीत. म्हणजे बेटाच्या एका टोकाला घर आणि दुसऱ्या टोकाला ऑफिस. जावयाचं अर्धं आयुष्य एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, जात होतं. त्याआधी दोघांनी अमेरिकेत, मिनेसोटात, बरीच वर्षं काढली होती आणि पासपोर्टही तिथलेच घेतले होते. मूल झालं नव्हतं. डॉक्टर झाले, औषधं झाली, दोन वेळा आशा लागून मावळली. मिनेसोटातल्या प्रयोगशाळेत प्रियदर्शिनीची एक मैत्रीण होती, तान्ही असताना कोरियातून दत्तक आलेली. तिच्याच ओळखीनं तिथल्या एका संस्थेत नाव घातलं आणि सिंगापूरला आल्यावर एक दिवस फोटो आला. सोल शहरातली मुलगी, नाव सोयन.

इंदोऱ्यात ही बातमी कळल्यावर शेजारच्या अरुणाताई म्हणाल्या, “आपल्या देशात पोरं कमी पडली काय वं माय?” कमलाबाईंनाही आतून तेच वाटत होतं. त्यांनी फोनवर लेकीला विचारलं. लेक म्हणाली, “आई, मी पोर निवडायला बाजारात गेले नव्हते. आम्ही वाट बघत होतो, तीही वाट बघत होती. तेवढीच ओळख.” कमलाबाईंनी फोन ठेवला आणि पासपोर्टच्या फोटोसाठी पांढरं पातळ इस्त्रीला काढलं.

लेक-जावई सोयनला आणायला सोलला गेले तेव्हा कमलाबाई सिंगापूरच्या फ्लॅटमध्ये एकट्या होत्या. त्यांनी फरशी, खिडक्या, पंख्याची पाती, एवढंच काय, दाराबाहेरच्या सामायिक कॉरिडॉरचा कठडाही पुसून काढला. समोरच्या लिम आंटी दारात उभ्या राहून बघत होत्या. “व्वा, सो क्लीन,” त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीही आपला कठडा पुसला.

मग ते तिघं चांगी विमानतळाच्या दारातून बाहेर आले. कमलाबाईंनी उभ्या जन्मात हजारो पोरं पाहिली होती. रडकी, हट्टी, गोड, गुंड, सगळ्या नमुन्यांची. पण प्रियदर्शिनीच्या हातातलं ते अकरा महिन्यांचं पोर बघून त्यांची बोलतीच बंद झाली. उभे राहणारे काळेभोर केस, पावासारखे गाल, आणि डोळे असे शांत की जणू तीच ह्या सगळ्यांना न्यायला आली आहे. काल दुसऱ्या देशात, दुसऱ्या घरी जेवलेलं हे माणूस आजपासून आपलं. कुठून निघालं, कुणाच्या पोटी आलं, कुणी वाढवलं, आणि येऊन पोचलं ते नागपूरच्या कमलाबाईंपाशी! त्यांनी नात घ्यायला हात पुढे केले आणि ते मध्येच आपोआप जोडले गेले. जावई हसला. त्या हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक-जावई प्रवासाच्या शिणानं मेल्यासारखे झोपले होते. कमलाबाईंनी बॅगा उघडल्या. कपड्यांत एक गोधडीसारखं जाड, फिकट हिरवं फडकं निघालं. वरच्या कडेला दोन लांबच लांब पट्टे, कोपऱ्याला दुधाचे डाग. घाम, तेल, शिळं दूध, असा कसलासा कुबट वास येत होता. कमलाबाईंना केवढा आनंद झाला! त्यांनी ते डेटॉलच्या पाण्यात भिजवलं, घासलं, पुन्हा धुतलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूवर ऐटीत वाळत घातलं.

प्रियदर्शिनी डोळे चोळत आली आणि खिडकीकडे बघून जागच्या जागी थांबली.

“आई, ते धुतलंस?”

“दोनदा. काय वास मारत होतं गं!”

प्रियदर्शिनी फरशीवर बसली. सोलला सोयनला एका बाईंनी सांभाळलं होतं. दत्तक जाईपर्यंत बाळांना आपल्या घरी वाढवायचं, हेच त्या बाईंचं काम; नाव मिसेस चोई, वय कमलाबाईंएवढंच. आजवर पंचवीस-तीस बाळं त्यांच्या हाताखालून गेली होती. हे फडकं त्यांचं होतं. यात बांधून त्यांनी सोयनला दिवसभर पाठीवर घेतलं होतं आणि निरोप देताना दुभाष्या बाईकडून पुन्हा पुन्हा बजावलं होतं, हे धुऊ नका. यात माझा वास आहे, नव्या घरी तिला तेवढाच ओळखीचा असेल.

“मला सांगायचंस ना,” कमलाबाई म्हणाल्या.

“तू विचारायचंस ना, आई.”

कमलाबाईंना आयुष्यात शिक्षणाधिकाऱ्यानंही असं गप्प केलं नव्हतं. पण गप्प बसतील त्या कमलाबाई कसल्या! थोड्या वेळानं म्हणाल्या, “आणि ती चोईबाई तरी कशी? अकरा महिने पाठीवर घेतलेलं लेकरू देऊन टाकते म्हणजे काळीज आहे की दगड?” मिसेस चोईंची त्या घरात चोईबाई झाली ती अशी रागाच्या भरात.

सोयनचं रडणं दुपारी सुरू झालं. ते भुकेचं नव्हतं. ती दूध पीत होती, मऊ भात खात होती. खाऊन झालं की दाराकडे तोंड करून बसायची आणि रडायची. कमलाबाईंनी खिडकीच्या गजाला पातळाची झोळी बांधली. झोळीत ठेवताच पोरीनं अंग लाकडासारखं ताठ केलं. कडेवर घेतलं तर दोन्ही हातांनी छातीला रेटून मागे वाकायची. प्रियदर्शिनी तिला समोर धरून, डोळ्यांत डोळे घालून गाणं म्हणायची, तेव्हा ती डोळेच मिटून घ्यायची. ते बघून प्रियदर्शिनी न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. नळाच्या आवाजात काय चाललंय ते आईला कळत होतं.

“अगं, पाठीवर घेऊन बघ ना त्या फडक्यात,” कमलाबाई म्हणाल्या.

“पाठीवर घेतलं तर मला दिसणार कशी ती?” प्रियदर्शिनी म्हणाली. “इतकी वर्षं मी हिचा चेहरा बघायची वाट पाहिली, आणि आता मागे बांधू?”

फडक्याला आता डेटॉलचा वास होता, हेही कमलाबाईंना ठाऊक होतं.

तीनेक दिवसांनी, सकाळच्या वेळी, कमलाबाई फरशी पुसत होत्या. दांडीच्या पोछ्यावर त्यांचा विश्वास नव्हता. गुडघे टेकून, हातानं पुसल्याशिवाय त्यांना फरशी स्वच्छ झालीशी वाटतच नसे. जावई ऑफिसला गेला होता, लेक जागरणानं आत झोपली होती. सोयन कोपऱ्यात हुंदके देत बसली होती. कमलाबाईंनी तिच्याकडे पाठ करून कपाटाखाली हात घातला, आणि हुंदके थांबले. रांगण्याचा थपथप आवाज आला. मग त्यांच्या कमरेवर दोन इवलेसे हात टेकले, आणि पाठीवर, पातळाच्या घामेजल्या पदरावर, एक ऊन ऊन गाल येऊन विसावला.

कमलाबाई हलल्याच नाहीत. श्वासही त्यांनी बेतानंच घेतला. चेहरा पोरीला नको होता. चेहरे तर रोज नवे येत होते. तिला पाठ हवी होती, जिच्यावरून जग कसं चालतं ते कळतं. एवढ्याशा जिवानं ती शोधून काढली होती, कुणी न शिकवता, घरभर रांगत. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेल्या बाईला वाटलं, आपल्याला काही म्हणजे काही माहीत नाही.

पण गुडघे ऐकेनात. तेवढ्यात उघड्या दाराच्या जाळीतून लिम आंटींनी आत पाहिलं.

“आय्यो! डोन्ट मूव्ह, डोन्ट मूव्ह लाह,” त्या कुजबुजल्या आणि चपला काढून आत आल्या. “माय थ्री सन्स ऑल्सो लाइक दिस. ऑन द बॅक, गो मार्केट, कुक, एव्हरीथिंग.” त्यांनी खुर्चीवरचं हिरवं फडकं उचललं, सोयनच्या पाठीवरून घेतलं, पट्टे कमलाबाईंच्या काखांखालून छातीवर आणले, मागे नेऊन पोरीच्या बुडाखालून फिरवले आणि पुढे करकचून गाठ मारली. मग त्यांच्या दंडाला धरून त्यांना हळूच उभं केलं. सोयन झोपली होती.

प्रियदर्शिनी बाहेर आली तेव्हा आई खिडकीशी झुलत उभी होती आणि सोयनच्या केसांचा झुबका तेवढा फडक्याच्या वर दिसत होता. कमलाबाई म्हणाल्या, “प्रियू, हिचं वजन बघ. बांधल्यावर वेगळंच लागतं गं.”

त्यानंतर त्या घरात कमलाबाईंचं राज्य आलं. सोयन आजीच्या पाठीवर झोपायची, आजीच्या पाठीवरून लिफ्टचे आकडे बघायची, खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांपुढे, आजीच्या खांद्यावरून हात घालून चपातीचा तुकडा मागायची. लोक वळून बघत. पांढऱ्या पातळातली सावळी आजी आणि पाठीला कोरियन नात! बुद्धपौर्णिमेच्या वंदनेला सगळे मराठी लोक एका घरी जमले तेव्हा उल्काताई म्हणाल्या, “बाई, ही तर तुमचीच लेक झाली!” कमलाबाई लाजल्या, पण खुलल्या. खोटं कशाला बोला, त्यांना ते आवडत होतं. म्हातारपणी असं कुणी आपल्यावाचून अडून बसणं म्हणजे थोडंथोडकं सुख नव्हे.

प्रियदर्शिनी त्या दिवशी हसून सगळ्यांना खीर वाढत होती. घरी आल्यावर तिनं सोयनला घ्यायला हात केले. सोयननं तिचे हात बाजूला सारले आणि आजीच्या पातळाला धरलं. सहज, रागानं नव्हे. दार लावून घ्यावं तसं.

“आई,” प्रियदर्शिनी उभ्याउभ्याच म्हणाली, “तुझा व्हिजिट पास संपत आलाय. आता वाढवून मिळणार नाही.”

“हो. मग?”

“मग काय? एक आई तिची सोलला राहिली. आता दुसरी नागपूरला जाईल. मी त्यात कुठे आहे? मी तिला दूध देणारी बाई आहे, बस.” आणि आता तिनं नळ सोडला नाही, तशीच आईसमोर रडली.

पोरीला झोप लागावी म्हणून पाठ दिली, आणि देता देता पोर स्वतःकडेच ठेवून घेतलं होतं. आता एकदा फुटलेलं काळीज पुन्हा फुटायचं, आणि ह्या खेपेला फोडणारा हात आपला असायचा. त्या बराच वेळ सोयनच्या पायावरून हात फिरवत बसल्या.

“प्रियू,” त्या म्हणाल्या, “चोईबाईनं हिला दिलं कसं, ते सांग मला. सगळं सांग.”

प्रियदर्शिनीनं डोळे पुसले. “संस्थेच्या खोलीत होतो आम्ही. त्यांनी हिला माझ्या पाठीवर स्वतःच्या हातांनी बांधलं. गाठ दोनदा तपासली. ही रडायला लागली तर त्यांनी हिला परत घेतलं नाही. आपला चेहरा हिला दिसू नये म्हणून भिंतीकडे तोंड करून बसल्या. दुभाष्या बाई म्हणाली, आता तुम्ही निघा. मला वाटलं, वयानं मोठ्या आहेत, आधी त्या जाऊ देत. तर म्हणाल्या, नाही. मी उठून गेले तर हिला वाटेल, मला टाकून गेली. तुम्ही हिला घेऊन जा. ही गेली पाहिजे, मी नाही.”

“आणि तू?”

“निघाले. बाहेर टॅक्सीपर्यंत पोचेस्तोवर ही रडायची थांबली होती. टॅक्सीत बसायला मी पाठीवरून काढलं तिला, आणि मग पुन्हा बांधलंच नाही. मला चेहरा बघायचा होता ना.”

ज्या बाईला कमलाबाईंनी दगड म्हटलं होतं, ती भिंतीकडे तोंड करून बसलेली त्यांना दिसत होती. ह्या बाईनं हे पंचवीस-तीस वेळा केलं? आणि मग घरी जाऊन पुढचं बाळ पाठीवर घेतलं? माणसात एवढं बळ येतं तरी कुठून?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी काम सुरू केलं. अंगावरचं पातळ, दोन दिवस नेसलेलं, फोडणीचा आणि घामाचा वास असलेलं, त्यांनी लेकीच्या पाठीवर दुमडून टाकलं. त्यावर सोयनला ठेवलं आणि लिम आंटींनी शिकवलेली गाठ स्वतः मारली. “हे पातळ धुवायचं नाही,” त्या म्हणाल्या. कमलाबाई रामटेके यांनी हे वाक्य म्हटलं, यावर इंदोऱ्यात अजून कुणी विश्वास ठेवत नाही.

मग त्या उठून समोर लिम आंटींकडे गेल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. कॉरिडॉरपलीकडून सोयनचा टाहो येत होता. लिम आंटींनी बार्लीचं पाणी पुढे ठेवलं. “यू ड्रिंक. शी क्राय, नेव्हर माइंड. मदर इज देअर, वॉट.” कमलाबाईंनी पेला नुसता हातात धरून ठेवला. असं रोज चाललं. लेकीला त्यांनी एकच सांगितलं होतं, “चेहरा बघायची घाई करू नकोस. तू कामं करत राहा. तिला तुझी पाठ कळू दे, चेहरा ती आपणहून बघेल.”

एका दुपारी टाहो मध्येच थांबला. कमलाबाई दबकत जाळीपाशी गेल्या. प्रियदर्शिनी सिंकशी उभी राहून तांदूळ धूत होती. पाठीवर सोयन जागी होती, गाल टेकून, बोटानं आईच्या वेणीची टोकं चाळवत. प्रियदर्शिनीनं वळून आईकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हात तांदूळ धूतच होते. मग सोयननं मान लांब करून, खांद्यावरून पुढे वाकून, त्या ओल्या गालाकडे पाहिलं. कौतुकानं पाहिलं, जणू हा चेहरा तिला आजच सापडला होता. कमलाबाई आल्या पावली परत फिरल्या.

निघायच्या दिवशी सगळे चांगी विमानतळावर आले. आपल्या लोकांची तिथली रीत अशी, की जाणारा आत गेला की सोडायला आलेले काचेला नाक लावून, तो दिसेनासा होईपर्यंत हात हलवत राहतात. प्रीतमनं ट्रॉली दाराशी लावली. “आई, तुम्ही व्हा पुढे. आम्ही काचेतून बघतो.”

“नाही,” कमलाबाई म्हणाल्या. “आधी तुम्ही निघा.”

“अहो, असं कसं? तुम्हाला एकटं सोडून—”

“प्रीतम, आईला इथंच उभं राहू दे,” प्रियदर्शिनी म्हणाली. तिला कळलं होतं. ती आईपाशी आली आणि पाठ करून उभी राहिली. कमलाबाईंनी हिरव्या फडक्याची गाठ तपासली. मग पुन्हा तपासली. खाली आपलं पातळ नीट आहे ना, ते चाचपलं. सोयनच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, तो त्यांनी फिरवला नाही. पोर पेंगत होतं.

“जा,” त्या म्हणाल्या.

प्रियदर्शिनी एमआरटीच्या सरकत्या जिन्याकडे चालू लागली. प्रीतम मागे वळून वळून बघत होता. सोयननं आजीकडे वळून पाहिलं नाही. तिचा गाल आईच्या पाठीला लागला होता, एक पाय चालीबरोबर हलत होता, आणि मग जिना त्या तिघांना खाली घेऊन गेला.

कमलाबाईंना हे एकदाच करायचं होतं. त्यांनी ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला. ब्लाउजच्या खांद्यावर सोयनच्या लाळेचा डाग वाळून पांढरा पडला होता. त्यांनी तो रुमालानं पुसला नाही. मग, कोरिया कुठल्या दिशेला आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं म्हणून, समोरच्या भिंतीकडेच तोंड करून त्यांनी हात जोडले.

“जयभीम, चोईबाई,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.